वाकड्या भिंतीचं पचखाण

कोणी पडलं तर हसायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम. तो मला कोणी आधी सांगितला नव्हता, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मी तो मोडला आणि माझी खोलीबाहेर रवानगी झाली.

मी तेव्हा मंचरला नुकतीच राहायला आले होते. मी शिकवायची ती शाळा निरगुडसरच्या बाजूला, पण तिथे मनासारखी खोली मिळेना. म्हणून बाजारपेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. पुढे दगडी ओटा, ओट्यामागे रिकामं गोडाऊन आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत घरमालकीण. सगळं गाव त्यांना भाभी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. राजस्थानातून येऊन कैक पिढ्या झालेलं जैन घराणं. मारवाडी आता फक्त स्वयंपाकात उरली होती, बोलणं पक्कं मंचरचं. यजमान वारले होते. दोन्ही मुलं पुण्याला मार्केट यार्डात गेली होती आणि इथला व्यापार बंद झाला होता. भाभी एकट्या राहत. वय पासष्टच्या पुढे, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आणि आवाज असा की ओट्यावरून हाक मारली तर कोपऱ्यावरचा भाजीवाला पाटी उचलून निघायचा.

त्या संध्याकाळी जिन्याखालून तीच हाक आली. "बाई, या खाली. आमचा कार्यक्रम लागलाय."

टीव्हीवर कुठल्या तरी परदेशातली स्पर्धा चालू होती. पाण्यावर तरंगणाऱ्या थाळ्यांवरून पळायचं, मग फिरणाऱ्या गोल ओंडक्याला मिठी मारून पलीकडे जायचं, मग दोराला लोंबकळून झोका घ्यायचा, आणि शेवटी एक उंच भिंत, वरच्या बाजूला आत वाकलेली. पळत जाऊन तिच्यावर चढायचं आणि वरची कड पकडायची. मी खुर्चीवर टेकले न टेकले तोच एक जाडगेला माणूस दुसऱ्याच थाळीवरून धपकन पाण्यात गेला. मी हसले. कोणीही हसलं असतं.

"बाई, बाहेर," भाभी म्हणाल्या.

मला वाटलं गंमत आहे.

"खरंच बाहेर. दारात उभ्या राहा. पुढचा पडंल तवा बघू."

वर्गातल्या पोरींना मी रोज जिथे उभं करत असे, तिथे मी स्वतः उभी राहिले, उंबऱ्याच्या बाहेर, हाताची घडी घालून. पुढचा माणूस ओंडक्यावरून गरगर फिरत पडला. मी तोंड घट्ट मिटलं.

"शाब्बास," भाभी टीव्हीला म्हणाल्या, आणि मला, "या आत."

पडणाऱ्याला शाब्बास म्हणायचं, हा दुसरा नियम. कोणी धावत असताना खोलीतून उठायचं नाही, हा तिसरा. वह्या तपासायला आणायच्या नाहीत, हा चौथा, खास माझ्यासाठी काढलेला. आणि टीव्हीचा आवाज बंद. त्या कार्यक्रमावर हिंदीतून कोणी तरी बोलत असायचा आणि प्रत्येक पडणाऱ्याची टिंगल करायचा. भाभींना तो माणूस मुळीच खपत नसे. "लोक जिवाच्या करारानं पळत्यात अन् हा दात काढतो. ह्याला आणा म्हणावं थाळीवर." म्हणून आवाज बंद आणि बोलायचं काम भाभींचं. संध्याकाळचं जेवण त्यांच्यात सूर्य मावळायच्या आत उरकलेलं असे. भांडी घासून, हात पुसून, सातला त्या समोर बसत ते थेट शेवटापर्यंत. "आरं, दम घे, दम घे! पाय बघू नको, म्होरं बघ. गेला... गेला... शाब्बास. चांगला आला व्हतास इथपर्यंत."

मी एकदा विचारलं, "भाभी, यात तुम्हाला काय एवढं दिसतं? नव्वद टक्के लोक तर पडतातच."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "कुस्तीत एक पडला की दुसऱ्याचं भलं व्हतं. क्रिकेटात बी तसंच. हितं हा पडला तर कुणाचं भलं झालं? भिंतीचं? तिला काय कळतंय? बाकीचे बघा, काठावर उभे राहून वरडत्यात, चढ चढ म्हणून. ज्याच्याशी शर्यत तोच टाळ्या वाजवतो. असा खेळ मी तर दुसरा नाय बघितला. अन् तुमी हसता."

"एकदाच हसले."

"एकदाच. पण लई मोठ्यानं."

त्या स्पर्धेवरून भाभी सगळ्या गावाचा निकाल लावत. समोरचे वकील ओंडक्यावरचे. "पाय लई हलत्यात, म्होरं काय जात नाय." स्थानकाच्या, म्हणजे जैन साधू-साध्वी उतरतात त्या वास्तूच्या, ट्रस्टमधले एक गृहस्थ पहिल्याच थाळीवर पडणारे, आणि पडल्यावर थाळीच ओली होती म्हणून सांगणारे. आमच्या शाळेतल्या एक बाई मला भेटायला आल्या होत्या. नवऱ्याला सोडून दोन मुलांसह भोरवाडीत राहत होत्या. त्या गेल्यावर भाभी म्हणाल्या, "ही दोराच्या पलीकडं गेल्याली बाई हाय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे नव्हतं. मी कुठवर पोचले आहे हे मी अनेकदा विचारलं. "तुमी अजून बुटाची नाडी बांधताय," असं उत्तर मिळालं. मी सगळ्या गोष्टी आधी आखून करते, दारामागे याद्या लावते, त्याला उद्देशून ते होतं.

केबल गेली तर काय, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार असे. आमच्या भागाची केबल हमीदभाईंची. एकदा ऐन सातला पडदा मुंग्यांनी भरला. भाभींनी डोक्यावर पदर घेतला, छत्री उचलली आणि हमीदभाईंच्या दुकानात जाऊन एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या. मी सोबत होते.

"भाभी, माणूस खांबावर चढलाय, व्हईल अर्ध्या तासात," हमीदभाई म्हणाले.

"मंग हितं लाव."

"हितं पण तीच वायर हाय ना!"

"मंग मी बसते. तू उभा राहा."

हमीदभाई उभे राहिले. गिऱ्हाइकं येऊन बघून जात होती. शेवटी ते स्वतःच खांबाखाली जाऊन माणसाला ओरडू लागले. चित्र आलं तेव्हा भाभी उठल्या, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "शाब्बास." त्यानंतर हमीदभाईंनी कधी त्या वेळेला दुरुस्ती काढली नाही. पुढेपुढे तर तेच दुकानातून आम्हाला विचारायचे, "काय भाभी, आपला माणूस चढला का?"

आपला माणूस म्हणजे निळी पट्टीवाला. कपाळाला निळी पट्टी बांधणारा एक बुटका, मधल्या वयाचा स्पर्धक. आवाज बंद असल्यामुळे तो काय काम करतो, त्याचं नाव काय, हे आम्हाला कधीच कळलं नाही. चॅनेलवर वेगवेगळ्या वर्षांच्या स्पर्धा उलटसुलट लावत. त्यामुळे तो कधी तरुण दिसायचा, पुढच्या आठवड्यात केस पांढरे व्हायचे, मग पुन्हा काळे. एवढं मात्र ठरलेलं: थाळ्या पार, ओंडका पार, दोर पार, आणि वाकड्या भिंतीशी खलास. पळत यायचा, दोन पावलं भिंतीवर टाकायचा, बोटं कडेला लागायची, आणि हळूहळू घसरत खाली. वेळ संपल्याचा लाल दिवा लागेपर्यंत पुन्हापुन्हा. मग कपाळाची पट्टी काढून, भिंतीला वाकून नमस्कार करून निघून जायचा.

"ह्यो चढणार," भाभी दर वेळी म्हणायच्या. कशावरून, असं विचारायची सोय नव्हती.

आता फळीची गोष्ट. गोडाऊन चालू होतं तेव्हा हमाल ज्या लांब फळीवरून पोती ट्रकमध्ये चढवत, ती फळी ओट्याला तशीच लावलेली होती. भाभी सकाळी स्थानकातून आल्या की ओट्याच्या पायऱ्या सोडून त्या फळीवरून चढत. हात बाजूला पसरलेले, नजर समोर, पायांत कापडी बूट. रस्त्यावरची माणसं थांबत. एकदा समोरचे वकील म्हणाले, "भाभी, पायऱ्या कशाला बांधल्यात?"

"तुमच्यासाठी," भाभी फळीच्या मध्यावरून म्हणाल्या.

त्या पडल्या तेव्हा त्यामुळे कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. दुपारपर्यंत सगळ्या पेठेत झालं की म्हातारी टीव्ही बघून फळीवर उड्या मारत होती, पडली. पुण्याहून मोठा मुलगा आला तोही हेच ऐकून. खरं असं होतं की त्या मोरीत साबणाच्या पाण्यावर पाय घसरून पडल्या होत्या. मीच त्यांना उठवलं, त्यामुळे मला पक्कं माहीत आहे. मी ते मुलाला सांगितलंही.

"मॅडम, तुम्ही तिची बाजू घेऊ नका," तो म्हणाला.

"आरं, मोरीत पडले मी," भाभी म्हणाल्या. "मोरीत पडून रोज कुणी ना कुणी हातपाय मोडतंय. मोरीला कुणी नावं ठेवत नाय. फळीवरनं एवढ्या वर्षांत एकदा नाय पडले, तर सगळे फळीलाच कोसतात."

मुलगा वाईट नव्हता. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत मुलं वाईट असली की काम सोपं होतं. तो मऊ आवाजात बोलणारा, आईच्या पाया पडल्याशिवाय चहा न घेणारा माणूस होता. रात्री पुण्यात फोन वाजला की आईचंच काही झालं म्हणून तो चपला शोधायचा, असं त्याने मला जिन्यात सांगितलं. त्याने ठरवलं: घर बंद करायचं, गोडाऊन भाड्याने द्यायचं, आईला पुण्याला न्यायचं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, खाली स्थानक, हाताशी दवाखाना. सगळं बरोबर होतं. फक्त भाभींना विचारलेलं नव्हतं.

"प्लास्टर निघालं की जायचं," तो म्हणाला.

मला वाटलं भाभी आता त्याला ओट्यावरूनच सुनावतील. पण भाजीवाल्याला, वकिलांना, हमीदभाईंना सडेतोड बोलणारी बाई पोटच्या मुलापुढे गप्प बसली. प्लास्टरवरून दुसरा हात फिरवत राहिली. तो निघाला तेव्हा त्याच्या डब्यात खाकरे भरून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "बाई, सुट्टी हाय ना? चला माझ्यासंगं स्थानकात. हात दुखतोय, पर्स धरा."

चातुर्मासासाठी साध्वीजी आल्या होत्या, त्यांच्याकडून पचखाण घ्यायला लोक येत. पचखाण म्हणजे जैनांमधला त्यागाचा नेम. कोणी महिनाभर हिरवी भाजी सोडतं, कोणी तूप सोडतं, कोणी अमुक एक गोष्ट होईपर्यंत अमुक सोडतं. ते एकदा साध्वींसमोर हात जोडून घेतलं की घरातलं कोणी ते मोडायला सांगत नाही. सांगणाऱ्यालाच दोष लागतो. मी दाराशी पर्स धरून उभी होते. भाभी आत बसल्या आणि म्हणाल्या की गावाची शीव ओलांडायचा त्याग करायचा आहे.

साध्वीजींना ते नवीन नव्हतं. फिरण्याला हद्द घालून घ्यायचा नेम त्यांच्यात आहेच. "किती काळ?" त्यांनी विचारलं.

भाभी म्हणाल्या, "टीव्हीवर एक माणूस हाय. एका वाकड्या भिंतीशी लई वर्षं अडलाय. त्याला चढल्याला बघेस्तवर."

साध्वीजी हसल्या नाहीत. तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीच्या कापडामुळे कळलं नाही म्हणा. "आणि तो कधी चढलाच नाही तर?"

"चढणार."

"चढला तर तुमचा त्याग त्या क्षणी संपेल, बरं का."

"म्हाईत हाय," भाभी म्हणाल्या आणि त्यांनी डाव्या हाताला प्लास्टरातला उजवा हात जोडला.

परतताना माझ्याने राहवेना. "भाभी, जन्मभरासाठीच घ्यायचं ना! प्रश्नच मिटला असता."

त्या रस्त्यात उभ्या राहिल्या. "जन्मभर म्हणलं असतं म्हंजे त्यो कधीच चढणार नाय असं मी समोर बसून कबूल केल्यासारखं झालं असतं."

"पण तो चढला तर तुम्हाला पुण्याला—"

"ते तवा बघू. आधी त्याला चढू द्या."

मला हे अजिबात पटलं नाही. ज्याच्या हरण्यावर आपलं घर टिकून आहे, त्याच्याच जिंकण्यावर भरवसा ठेवून कोणी नेम घेतं का? पण पचखाण घेतलं होतं. मुलगा आला, ऐकलं, भिंतीला टेकून बसला. तो स्वतः दर पर्युषणात आठ दिवसांचा उपास करणारा माणूस. तो आईला मोड म्हणणार नव्हता.

"आई, हे जुनं रेकॉर्डिंग असतं गं. तो माणूस एव्हाना कधीच चढला असेल, नाही तर कधीच नसेल. ते सगळं होऊन गेलंय."

"मी बघंन तवा व्हईल," भाभी म्हणाल्या.

कोणाला वाटेल पचखाण नावापुरतं होतं. नव्हतं. जुन्नरला त्यांच्या सख्ख्या बहिणीने महिनाभराचा उपास केला. पारण्याला सगळं गणगोत जमलं. भाभी गेल्या नाहीत. तेव्हा बहिणीलाच जीपमधून नाशिक रस्त्यावरच्या शिवेपर्यंत आणलं, आणि भाभींनी आपल्या बाजूला उभं राहून हात लांब करून तिला मुगाचं पाणी पाजलं. दोघी रडल्या. बहीण म्हणाली, "काय गं हे, दोन पावलं ये की अलीकडं." भाभी नाही गेल्या. मी दर चतुर्थीला ओझरच्या गणपतीला जायची, त्यांना चला म्हणायची, कारण पूर्वी त्या माझ्याबरोबर मजेत येत आणि देवळाबाहेर बसून भेळ खात. आता मला एसटी स्टँडवर सोडून त्या परत फिरत.

आणि घरात एक अजब प्रकार सुरू झाला. मुलगा शनिवार-रविवारी पुण्याहून येऊ लागला. सूनही यायची. सातला सगळे टीव्हीसमोर. नियम सगळ्यांना लागू. निळी पट्टीवाला दिसला की मुलगा खुर्चीच्या कडेला यायचा, मुठी आवळायचा आणि आईपेक्षा मोठ्याने ओरडायचा, "चढ रे बाबा, चढ एकदाचा!" तो चढला की आई पुण्याला. आणि आई त्याच्या शेजारी बसून तितक्याच कळकळीने, "चढ लेकरा, दम घे, चढ!" दोघांचे आवाज एकात एक मिसळायचे. तो घसरला की मुलगा कपाळावर हात मारायचा आणि भाभी त्याला दटावायच्या, "शाब्बास म्हण आधी."

एकदा मुलगा नसताना पट्टीवाला घसरला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझीही खोली होती ना त्या घरात. "बरं झालं बाई," मी म्हणाले. "तुमच्या दृष्टीने तो पडलेलाच बरा."

भाभींनी माझ्याकडे असं बघितलं की मी आपणहून दाराकडे जायला उठले.

"बसा," त्या म्हणाल्या. "बाई, मला घर पायजे म्हणून त्यानं पडत राहायचं? त्यानं माझं काय खाल्लंय?"

पाऊस सरला, दिवाळी झाली, हिवाळा गेला. प्लास्टर निघून मनगट जरा वाकडं जुळलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तो आला. या वेळी केस बरेच पांढरे. थाळ्या, ओंडका, दोर. भिंतीसमोर उभा राहिला, पट्टी घट्ट केली. पहिल्यांदा पळाला, घसरला. दुसऱ्यांदा बोटं लागली, घसरला. तिसऱ्यांदा एका हाताची बोटं कडेवर अडकली. बाकीचं शरीर भिंतीवर लोंबकळत होतं. भाभी हळूच म्हणाल्या, "सोडू नको. सोडू नको, राजा." त्याने दुसरा हात वर नेला. कोपर वर गेलं. मग गुडघा. आणि तो माणूस वाकड्या भिंतीच्या माथ्यावर उभा राहिला.

मुलाने आरोळी ठोकली. सुनेने टाळ्या वाजवल्या. मीही ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. भाभी दोन्ही हात वर करून खोलीच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मी सांगितलं नव्हतं? सांगितलं नव्हतं का मी?" हमीदभाई दुकान उघडं टाकून धावत आले, "भाभी, चढला! बघितला ना?" भाभींनी बरणीतले लाडू काढून सगळ्यांच्या हातावर ठेवले. स्वतः खाल्ला नाही, दिवस मावळला होता. टीव्हीवर तो तोवर पुढच्या फेरीत गेला होता आणि तिथल्या पाण्यात पडला होता. "शाब्बास," भाभी पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

मग मुलगा त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आई, आता पुढच्या रविवारी टेम्पो आणतो."

भाभींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

तो आठवडा मी दुसरी खोली शोधण्यात घालवला. तीन ठिकाणं बघितली, पाण्याची वेळ, एसटी स्टँडचं अंतर, घरमालकाचा स्वभाव असे रकाने आखून. भाभी गोडाऊन झाडून काढत होत्या. माळ्यावरचं सामान खाली येत होतं, ओट्यावर मांडलं जात होतं. आवराआवर चालली आहे, असं मी समजले. एका संध्याकाळी मी म्हणाले, "भाभी, मला फार वाईट वाटतंय."

"कशाचं?" त्या म्हणाल्या आणि झाडू आपटून धूळ काढू लागल्या.

रविवारी सकाळी टेम्पो दाराशी लागला. मुलगा आणि सून उतरले. भाभी ओट्यावर बसल्या होत्या, धुवट साडी, केस विंचरलेले, हात मांडीवर. शेजारीपाजारी जमले. वकीलही आले.

"चल आई," मुलगा म्हणाला. "पचखाण पुरं झालं."

"झालं," भाभी म्हणाल्या. "आता शीव ओलांडता येती. उद्याच बहिणीकडं जुन्नरला जाते. चतुर्थीला बाईंसंगं ओझरला जाईन. तुझ्याकडं बी येईन, चार दिवस, आठ दिवस. राहायला नाय येणार."

"म्हणजे? आई, असं ठरलं होतं ना?"

"कुणी ठरवलं?"

तो आठवू लागला. सगळेच आठवू लागलो. मीही मनातल्या मनात मागे जाऊन बघितलं. साध्वीजी म्हणाल्या होत्या त्याग संपेल, मुलगा म्हणाला होता टेम्पो आणतो. भाभी 'मी जाईन' असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

"जायचं न्हाई हा नेम व्हता. सुटला म्हंजे जाता येतंय. जायलाच पायजे असं कुठं हाय?" मग त्यांचा आवाज उतरला. ओट्याखालच्या लोकांसाठी आता त्या बोलत नव्हत्या. "ऐक. मागं तू म्हणालास चल, तवा तुला तोंडावर नाय म्हणायचा धीर मला झाला नाय. तू मुलगा. तुझ्या जिवाला घोर. म्हणून पचखाणाच्या आडोशाला बसले. तो चढला तवा आडोसा गेला. आठ दिवस इचार केला, आता काय करू. आता कुणाच्या आड नाय. मी म्हणते. मी नाय येणार."

मुलगा उभाच होता. "लोक काय म्हणतील? दोन मुलगे असून आई एकटी—"

"सांग त्यांना, आई हट्टी हाय. खोटं नाय ते."

"अहो भाभी, मुलगा तुमच्या भल्याचंच—" वकिलांनी सुरुवात केली.

"तुमी ओंडक्यावरच राहा," भाभी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

सून इतका वेळ टेम्पोला टेकून उभी होती. तिने हसू दाबायला तोंडावर पदर धरला, पण तिचे खांदे हलत होते. टेम्पोवाल्याला यातलं काही कळत नव्हतं. "मावशी, मंग भरायचं काय? मला दुपारी दुसरं भाडं हाय."

"थांब, मोकळा नाय जाणार तू." भाभी उठल्या आणि ओट्यावर मांडलेल्या सामानाकडे बोट दाखवलं. ते त्यांचं नव्हतंच. थोरल्याचा कॅरमबोर्ड, धाकट्याची मोडकी सायकल, दोघांची शाळेची पुस्तकं, पाळणा, लग्नात आलेले न उघडलेले डिनरसेट, सुनेच्या माहेरचं लोखंडी कपाट. "माझ्या घरात ह्यांचं सामान वीस वर्षं अडकलंय. न्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट हाय म्हणं. बाई, उभ्या काय राहिल्यात? तुमाला याद्या करायला आवडत्यात ना, लिहून घ्या, काय राहायला नको."

मी वरून वही आणली. खोल्यांचे रकाने असलेलं पान फाडून टाकलं आणि कॅरमबोर्डपासून सुरुवात केली.

टेम्पो भरला. दोर आवळले. मुलगा ड्रायव्हरशेजारी बसायला गेला आणि पायरीवर एक पाय ठेवून थांबला.

"आणि आई, पुन्हा पडलीस तर?"

"पडंन की," भाभी म्हणाल्या. "पडले की फोन करते. पडायच्या आधी न्यायला येऊ नको."